सुटे भाग बदलणे म्हणजे दोष शोधणे नव्हे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या वाहनविषयक पानावर नव्या गाड्यांची ओळख नेमाने होत असते आणि ती मी आवडीने वाचतो. पण घरातली गाडी सहा-सात वर्षांची झाली, की मालकाला सर्वांत जास्त सतावणाऱ्या विजेच्या बिघाडांबद्दल त्या पानावर सहसा काही वाचायला मिळत नाही. इंजिनाचा आवाज बदलला किंवा ब्रेक कमी लागू लागले, तर ते मालकाला जाणवते आणि कारागिराला दाखवता येते. विजेचा बिघाड मात्र गॅरेजच्या दारात पोचेपर्यंत गायब होतो आणि घरी परतल्यावर पुन्हा हजर होतो. अशा दोषाचा माग काढण्याऐवजी ‘हे बदलून बघू, नाही तर ते बदलून बघू’ असा जो रिवाज पडला आहे, त्याविषयी तक्रार करण्यासाठी, आणि त्या तक्रारीतला अर्धा वाटा आम्हा ग्राहकांच्या पदरात टाकण्यासाठी, हे पत्र लिहीत आहे. माझी सारी नोकरी कारखान्याच्या विद्युत देखभाल विभागात गेली. मोटारीचा कारागीर मी नव्हे. पण वीज कारखान्यात असो वा गाडीत, तिचे नियम तेच असतात, एवढ्या भांडवलावर पुढचे सांगण्याचे धाडस करतो.

आमच्या गाडीची हकीकत अशी. सकाळी किल्ली फिरवली की कधी पहिल्या झटक्यात इंजिन सुरू होई, तर कधी नुसता ‘कट्’ असा आवाज येऊन सेल्फ (इंजिन सुरू करून देणारी मोटर) कण्हत कण्हत दोन फेरे घेई आणि थांबे. पहिल्या गॅरेजमध्ये बॅटरीवर मीटर टेकवण्यात आला, बॅटरी संपल्याचे निदान झाले, नवी बॅटरी बसली आणि पंधरवडा बरा गेला. मग पुन्हा तोच ‘कट्’. दुसऱ्या गॅरेजमध्ये सेल्फ खाली उतरवून त्याचे कार्बन ब्रश आणि बुश बदलले. त्यानेही आठवडाभर गुण आला. तिसऱ्या ठिकाणी अल्टरनेटर, म्हणजे चालत्या इंजिनावर वीज तयार करून बॅटरी भारणारे यंत्र, बदलण्याचा सल्ला मिळाला, तेव्हा मात्र मी गाडी तशीच घरी आणली आणि कपाटातला जुना मल्टिमीटर (विजेचा दाब, प्रवाह आणि रोध मोजणारा मीटर) बाहेर काढला. तो आधीच का काढला नाही, हा प्रश्न घरच्यांनी मला विचारला आहे आणि त्याचे समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीचा दाब १२.६ व्होल्ट भरला, म्हणजे बॅटरी पूर्ण भारलेली होती. मुलाला किल्ली फिरवायला सांगून, सेल्फ फिरत असतानाच पुन्हा मोजले, तेव्हा बॅटरीच्या दोन टर्मिनलमध्ये ११.२ व्होल्ट मिळाले. सेल्फ कण्हत असताना बॅटरी अशी ताठ उभी आहे, याचा अर्थ ती थकलेली नाही. तिच्याकडून पुरेसा प्रवाह कोणी घेतच नाही, वाटेत काहीतरी अडले आहे. मग मीटरची एक तार बॅटरीच्या धन टर्मिनलवर आणि दुसरी सेल्फच्या जाड केबलच्या बोल्टवर धरली. सेल्फ फिरताना तेथे ०.३ व्होल्ट दिसले, म्हणजे धन बाजू ठीक. त्यानंतर एक तार बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवली आणि किल्ली फिरताच मीटरवर २.३ व्होल्ट आले. तेथे फार तर ०.२ व्होल्ट दिसायला हवेत. बॅटरीच्या ११.२ मधून वाटेतले ०.३ आणि २.३ वजा केले, की सेल्फच्या वाट्याला जेमतेम ८.६ व्होल्ट उरतात. बिचारा कण्हणार नाही तर काय करील! इंजिन आणि गाडीचा सांगाडा यांना जोडणारी अर्थिंगची विणलेली पट्टी सोडवली, तर तिच्या थिंबलखाली (टोकाच्या धातूच्या कडीखाली) गंजाचा तपकिरी थर जमलेला होता. थिंबल आणि त्याखालची जागा सँडपेपरने घासून चकचकीत केली, बोल्ट नीट आवळला, वरून व्हॅसलिनचा हात फिरवला. पुन्हा मोजल्यावर तोच आकडा ०.१ वर आला. त्यानंतर आजतागायत गाडी एकदाही अडलेली नाही.

बॅटरी आणि ब्रश बदलल्यावर काही दिवस गुण का आला, याचे उत्तरही त्या पट्टीतच आहे. नव्या बॅटरीचा अंतर्गत रोध कमी असल्यामुळे ती थोडा जास्त रेटा देते आणि गंजलेला जोड काही दिवस निभावून जातो. सेल्फ काढताना आणि बसवताना तर ती पट्टी हलली असणार, आणि गंजाच्या थराखाली धातूला धातू क्षणभर नीट भेटला असणार. चुकीच्या इलाजालाही असा तात्पुरता गुण येतो, आणि त्यामुळेच तो इलाज बरोबर होता अशी कारागिराची आणि ग्राहकाची, दोघांचीही खात्री पटते. गाडीच्या वायरिंगमध्ये ‘बदलून पाहिले, चालले’ हा पुरावा किती कच्चा आहे, हे यावरून लक्षात यावे.

येथे थोडे तांत्रिक विवेचन केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. बहुतेक कारागीर तार तपासताना मीटर ‘बीप’वर ठेवतात आणि बीप वाजला की तार चांगली असे मानतात. ही चाचणी तार पूर्ण तुटली आहे की नाही, एवढेच सांगते. शंभर बारीक तंतूंच्या केबलमधील नव्याण्णव तंतू तुटून एकच उरला, तरी बीप वाजतो. त्या एका तंतूतून मीटरचा किरकोळ प्रवाह सुखाने जातो, पण सेल्फचा शंभर-दीडशे अँपिअरचा प्रवाह जाऊ शकत नाही. आमच्या गाडीच्या त्या गंजलेल्या जोडाचा रोध सुमारे ०.०२ ओहम असावा. साध्या मल्टिमीटरच्या स्वतःच्या दोन तारांचाच रोध ०.२ ते ०.३ ओहम असतो, तेव्हा असा दोष रोध मोजून सापडणे शक्यच नव्हते. दीडशे अँपिअरच्या वाटेत अवघा ०.०१ ओहम आडवा आला, तरी दीड व्होल्ट तेथेच खर्ची पडतात. आणि तोच ०.०१ ओहम अर्ध्या अँपिअरच्या छोट्या दिव्याच्या वाटेत आला, तर त्याची कोणाला दादही लागत नाही. म्हणून मोजमाप करायचे ते प्रवाह वाहत असताना, त्या वाटेच्या दोन टोकांमधला दाब किती पडतो, याचे. कारखान्यात आम्ही याला ‘ड्रॉप काढणे’ म्हणत असू. त्यासाठी काही उघडावे लागत नाही, काही कापावे लागत नाही आणि नवीन काही विकतही आणावे लागत नाही. आणि कदाचित त्यामुळेच ते कोणी करत नसावे.

बॅटरीबाबतही असाच एक गैरसमज आहे. ‘बारा व्होल्ट दाखवते आहे, म्हणजे बॅटरी उत्तम’ हे वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकले आहे. शिसे-आम्ल बॅटरीत सहा घरे असतात आणि प्रत्येक घर साधारण २.१ व्होल्ट देते, म्हणून भरलेली बॅटरी विश्रांतीत १२.६ किंवा त्याहून किंचित अधिक दाखवते. १२.४ म्हणजे तीन चतुर्थांश, १२.२ म्हणजे निम्मी, आणि नेमके १२.० म्हणजे जेमतेम पाव भरलेली. ‘बारा’ ही बॅटरीच्या प्रकाराची संज्ञा आहे, तिच्या तब्येतीचा दाखला नव्हे. त्यातही गाडी नुकतीच चालवून थांबवली असेल, तर आकडा फुगलेला येतो. एक-दोन मिनिटे हेडलाइट लावून, मग बंद करून आणि थोडे थांबूनच तो वाचावा. इंजिन सुरू करताना बॅटरीचा दाब साधारण ९.६ व्होल्टच्या खाली घसरत असेल आणि ती पूर्ण भारलेलीही असेल, तर मात्र तिचे दिवस भरले असे समजायला हरकत नाही. बॅटरी रिकामी असताना ही चाचणी घेऊन तिला दोष देणे म्हणजे उपाशी माणसाची ताकद जोखण्यासारखे आहे.

इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले, तर अल्टरनेटर आपले काम करतो आहे. अलीकडच्या अनेक गाड्यांत अल्टरनेटरचे नियंत्रण संगणकाकडे असते आणि इंधन वाचवण्यासाठी तो हा दाब मुद्दाम १३ च्या आसपास आणतो, हे ठाऊक नसल्यामुळे चांगले अल्टरनेटर मोडीत जातात. दुसरी एक जुनी खोड मात्र तातडीने मोडायला हवी. चालू इंजिनावर बॅटरीचे टर्मिनल उपसून ‘गाडी बंद पडते का पाहा’ अशी परीक्षा घेणारे अजूनही भेटतात. बॅटरी बाजूला होताच अल्टरनेटरचा दाब क्षणभर कित्येक पटींनी उसळू शकतो. केवळ दिवे आणि भोंगा असलेल्या जुन्या गाड्यांना ते कदाचित सोसत असेल. आजच्या गाडीतील इलेक्ट्रॉनिक मोड्यूल, म्हणजे निरनिराळी कामे सांभाळणारे छोटे संगणक, एका उसळीत निकामी होऊ शकतात.

अर्थिंगच्या दोषाची आणखी एक गंमत सांगण्याचा मोह आवरत नाही. विजेला घराबाहेर पडण्याइतकीच परत येण्याचीही वाट लागते, आणि गाडीत ही परतीची वाट म्हणजे गाडीचा सांगाडा. मागच्या दिव्यांच्या संचाची अर्थिंगची तार गंजली की ब्रेक दाबताच त्या बाजूचा इंडिकेटर मिणमिणतो, पार्किंगचा दिवा लावला की ब्रेकलाइट अर्धवट पेटतो, असे चमत्कार सुरू होतात. ब्रेकलाइटच्या प्रवाहाला घरी जायची वाट बंद झालेली असते. तो शेजारच्या बल्बच्या तंतूतून उलटा शिरतो आणि भलत्याच दिव्यांच्या मार्गाने अर्थला पोचतो. अशा वेळी बल्ब बदलले जातात, स्विच बदलले जातात, क्वचित पूर्ण दिवाच नवा बसवला जातो. ज्याला परतीच्या वाटेची आठवण राहते, तो एक लांब तार घेतो, तिचे एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलला आणि दुसरे त्या दिव्याच्या अर्थिंगला टेकवतो. दिवे शहाण्यासारखे वागू लागले, तर दोष कोठे आहे हे मिनिटभरात ठरते. इंजिनाची अर्थिंग गेली, तर याहून विपरीत घडते: सेल्फचा प्रवाह अ‍ॅक्सिलरेटरच्या किंवा गिअरच्या केबलमधून वाट काढतो, आणि त्या केबल गरम होऊन जळल्याची उदाहरणे जुन्या कारागिरांना ठाऊक आहेत.

रात्रीत बॅटरी उतरण्याचा प्रकार याहून वेगळा आहे आणि तेथे शहाण्यांचाही संयम सुटतो. गाडी बंद करून लॉक केल्यावरही घड्याळ, सुरक्षा यंत्रणा, चावीचा रिसीव्हर यांना थोडी वीज लागतेच. सर्व मोड्यूल झोपी गेल्यावर ती साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत असावी. झोपी जायला त्यांना काही गाड्यांत अर्धा तास, तर काहींत त्याहून अधिक वेळ लागतो, आणि लगेच मोजणाऱ्याला एक-दोन अँपिअर दिसून तो नसलेल्या दोषाच्या मागे धावतो. डिकीतला पाच वॅटचा दिवा, झाकण लावल्यावरही पेटता राहिला, तर सुमारे ०.४ अँपिअर खातो. दिवसाला ते १० अँपिअर-तास होतात, आणि ४० ते ४५ अँपिअर-तासांची बॅटरी चार दिवसांच्या सुट्टीनंतर गाडी सुरू करण्याच्या लायकीची राहत नाही. हा चोर पकडण्यासाठी मीटर बॅटरीचे ऋण टर्मिनल आणि त्याची सोडवलेली केबल यांच्या मध्ये, ओळीत जोडतात, बोनेट आणि दारे उघडी ठेवूनही त्यांची कुलपे स्क्रू ड्रायव्हरने मिटवतात, म्हणजे गाडीला सारे बंद असल्याचे भासते, आणि मग वाट पाहतात. (काम संपल्यावर कुलूप हँडलने उघडूनच दार लावावे, मी एकदा विसरलो होतो आणि दार आपटून कुलपाची जीभ वाकवली होती.) मीटर ओळीत असताना चुकूनही किल्ली फिरवू नये, कारण त्याची सोसण्याची मर्यादा बहुधा १० अँपिअरच असते. प्रवाह जास्त आढळला, तर फ्यूज एकेक उपसण्यापेक्षा प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरील दोन उघड्या ठिपक्यांमध्ये मिलिव्होल्ट मोजावेत. ज्यातून प्रवाह वाहतो, तेथेच आकडा उमटतो. फ्यूज उपसून परत लावला, की झोपलेले मोड्यूल जागे होतात आणि तपासणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागते.

फ्यूजविषयी दोन शब्द कठोरपणे लिहावेसे वाटतात. लाल फ्यूज १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा आणि हिरवा ३० चा, ही रंगांची भाषा शोभेसाठी नाही. फ्यूज उपकरणाचे रक्षण करतो असा समज आहे. तो प्रत्यक्षात तारेचे रक्षण करतो. १५ चा फ्यूज वारंवार जातो म्हणून त्या जागी ३० चा घालणारा, किंवा तांब्याची तार गुंडाळणारा, गाडीतील तारांच्या जुडग्यालाच फ्यूज बनवत असतो, आणि तो वितळतो तेव्हा आजूबाजूला प्लास्टिक, रबर आणि इंधन असते. ज्यादा उजेडासाठी ५५ वॅटच्या जागी १०० वॅटचे बल्ब घालण्याची हौसही याच जातीची. प्रवाह ४.६ अँपिअरवरून ८.३ वर जातो, पण तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ती सव्वातीन पट होते. मूळ तार, कपलर (तारा जोडणारे प्लास्टिकचे प्लग) आणि स्विच यांपैकी कोणीही हा भार उचलण्यासाठी बनवलेले नसते. फ्यूज पुन्हा पुन्हा जात असेल, तर शॉर्ट शोधण्याची एक जुनी युक्ती आहे: फ्यूजच्या जागी २१ वॅटचा बल्ब ओळीत जोडावा. शॉर्ट असेतोवर तो लख्ख पेटतो आणि प्रवाहाला मर्यादाही घालतो. मग एकेक कपलर सोडवत, तारांचे जुडगे हलवत जावे. ज्या क्षणी बल्ब मंदावतो किंवा विझतो, त्या क्षणी हात जेथे असेल तेथेच बहुधा दोष असतो. तो बहुतेक वेळा दाराच्या बिजागरीजवळच्या किंवा डिकीच्या झाकणाच्या रबरी नळीत निघतो, कारण हजारो वेळा वाकून तारा तेथेच तुटतात. नाहीतर उंदरांनी आपले काम केलेले असते.

आता ‘चेक इंजिन’चा दिवा आणि स्कॅनर यांच्याविषयी. डॅशबोर्डखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला स्कॅनर जोडला की गाडीच्या संगणकाने नोंदवलेला दोषाचा कोड दिसतो आणि कोडला सुट्या भागाचे नाव समजण्याची चूक तत्क्षणी घडते. ‘पी०१३५’ हा कोड ऑक्सिजन सेन्सरच्या (धुरातील ऑक्सिजन मोजणाऱ्या भागाच्या) हीटरच्या सर्किटविषयी आहे. सेन्सर खराब आहे, असे तो कोठेही म्हणत नाही. हीटरचा फ्यूज गेला, त्याची तार सायलेन्सरला लागून वितळली, कपलरमध्ये पाणी शिरले, तरी तोच कोड येईल आणि नवा सेन्सर बसवूनही तो हटणार नाही. ‘पी०५६२’ दाब कमी असल्याचे सांगतो, अल्टरनेटर बदला असे सांगत नाही. त्यातच बॅटरी अशक्त असेल, तर इंजिन सुरू करताना दाब कोसळून एकामागून एक मोड्यूल क्षणभर गप्प होतात आणि स्कॅनरवर डझनभर कोडांची जत्रा भरते; त्यांतील बरेचसे खोटे साक्षीदार असतात. आधी सारे कोड लिहून घ्यावेत, बॅटरी आणि अर्थिंग तपासावी, मग कोड पुसून गाडी चालवावी आणि परत आलेल्या कोडांचाच विचार करावा. न लिहिताच ते पुसून टाकणारे लोक दोष घडला त्या वेळचा इंजिनाचा वेग, तापमान आणि भार यांची संगणकाने जपलेली नोंदही पुसून टाकतात.

दोष सापडल्यावर दुरुस्तीही धड व्हावी लागते. दोन तारा पिळून त्यांवर काळी टेप गुंडाळली, की ती टेप उन्हाळ्यात सुटते, आत ओल शिरते आणि तांब्याचे तंतू आतल्या आत हातभर काळे पडत जातात. मूळ जाडीचीच तार, नीट दाबलेला क्रिम्प (तारांवर दाबून बसवायची धातूची नळी) आणि वरून उष्णतेने आक्रसणारी चिकट स्लीव्ह यांना दहा मिनिटे जास्त लागतात. गालिचा ओला असेल, तर काचेखालच्या जाळीत साचलेला पालापाचोळा काढून पाण्याची वाट आधी मोकळी करावी. नाहीतर आज दुरुस्त केलेला कपलर पुढच्या पावसात पुन्हा हिरवा पडेल.

घरी हात घालू पाहणाऱ्यांना काही गोष्टी बजावणे आवश्यक आहे. बॅटरी सोडवताना ऋण टर्मिनल आधी काढावे आणि जोडताना ते शेवटी लावावे, म्हणजे पाना चुकून सांगाड्याला लागला, तरी ठिणगी उडत नाही; बॅटरीतून निघणारा हायड्रोजन वायू ठिणगीची वाटच पाहत असतो. दुसऱ्या गाडीवरून वीज घेताना शेवटचा चिमटा याच कारणाने बॅटरीपासून दूर, इंजिनाच्या धातूवर लावतात. पिवळ्या वेष्टनातील तारा आणि कपलर एअरबॅगचे असतात; त्यांना मीटर किंवा टेस्ट लॅम्प अजिबात लावू नये. हायब्रिड आणि विजेवरच्या गाड्यांतील नारिंगी केबलमध्ये शेकडो व्होल्ट असतात आणि ते काम फक्त त्याचे प्रशिक्षण घेतलेल्यानेच करावे.

कारागिरांना झोडपण्याचा माझा हेतू नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. खोक्यातून काढलेला नवा भाग पाहून आपण मुकाट्याने पैसे देतो. पण दीड तास मीटर लावून ‘एक बोल्ट घासला’ असे सांगणाऱ्याशी मात्र घासाघीस करतो, ‘नुसते बघण्याचे पैसे कसले?’ असे विचारतो. ज्या व्यवहारात विचार करण्याला मोल नाही आणि वस्तूला आहे, त्या व्यवहारात कारागीर वस्तूच विकणार. मी ज्या तीन ठिकाणी गेलो, तेथे मीही तपासणीचे शुल्क विचारले नव्हते. ‘लवकर करून द्या’ एवढेच म्हणालो होतो.

म्हणून दोन विनंत्या आहेत. पहिली गॅरेजचालकांना: तपासणीचे शुल्क वेगळे आणि उघडपणे घ्यावे, आणि विजेच्या कामाच्या प्रत्येक बिलावर निदान तीन आकडे लिहावेत: बॅटरीचा विश्रांतीतला दाब, इंजिन सुरू करतानाचा दाब आणि इंजिन चालू असतानाचा दाब. भाग बदलला असेल, तर तो खराब असल्याचे कोणत्या मोजमापावरून ठरवले, ही एक ओळ आणखी असावी. पुढच्या कारागिराला त्या चार ओळींचा जितका उपयोग होईल, तितका कोणत्याही स्कॅनरचा होणार नाही. दुसरी विनंती आपणांस: वाहनविषयक पानावर महिन्यातून एकदा जरी अशा एखाद्या बिघाडाच्या शोधाची, आकड्यांसह लिहिलेली हकीकत छापली, तर ग्राहकाला काय विचारावे हे कळेल. कारागिरांनी स्वतः लिहिलेल्या हकिकती मिळाल्या, तर अधिक चांगले. त्यांच्याकडे माझ्याहून कितीतरी अवघड दोषांचा साठा असेल.

आमच्या गाडीची जुनी बॅटरी नवी घेतानाच मोडीत गेली. ती खरोखर संपली होती का, हे विचारायला मी नंतर त्या गॅरेजमध्ये गेलो होतो; मीटर लावल्याचे तेथील कारागिराला आठवत होते, आकडा मात्र आठवत नव्हता आणि बिलावर तो लिहिलेलाही नव्हता.

आपला विश्वासू,
एक निवृत्त विद्युत कर्मचारी